या घरात कोणी घाबरत नाही

सोमवार, ४ मार्च

आजपासून ओरडायचं ते इथे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी नव्या वर्षाला सगळ्यांना एकेक डायरी दिली होती, ती कपाटात तशीच पडून होती. म्हटलं, भिंतीशी बोलण्यापेक्षा ही बरी.

कारण सासरी ओरडायची सोय नाही. माझे बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे आणि आई त्यांच्यावर वरचढ. आमच्याकडे नुसतं मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं. भांडण झालं की छप्पर उडायची वेळ यायची आणि दहा मिनिटांत सगळे एका ताटात जेवायला. मी स्वतः चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, तीही घसा खरवडूनच. आणि अडतिसाव्या वर्षी लग्न करून येऊन पडले कुठे, तर थोरल्यांच्या घरात!

थोरले म्हणजे माझे आजेसासरे. देशाला स्वातंत्र्य मिळवून दिलं, तेही कुणाला साधी चापट न मारता. मूळचे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. परक्या सरकारने दिव्यांवर कर बसवला तेव्हा हे म्हणाले, नको आम्हाला दिवा. आणि अख्खा देश हिवाळाभर अंधारात बसला. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. शेवटी सरकारच कंटाळून गाशा गुंडाळून गेलं. आता चौकात त्यांचा पुतळा आहे, पोस्टाच्या तिकिटावर त्यांचा चेहरा आहे, आणि आमच्या पुढच्या दोन खोल्यांत दर रविवारी लोक त्यांची खुर्ची, घोंगडी आणि तुरुंगातला मग बघायला येतात. मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहतो.

थोरल्यांचा नियम असा: दुसऱ्याचं चुकलं तर शिक्षा आपण घ्यायची. एखादी आवडती गोष्ट सोडायची आणि गप्प बसायचं. समोरच्याचं मन मग आपोआप बदलतं. त्या सरकारचं बदललं असेलही. पण सरकार निदान लांब राहायचं हो, ही माणसं एकाच टेबलावर जेवतात!

आज सकाळी माझ्याकडून बाथरूमचा नळ उघडा राहिला, टाकी रिकामी झाली. कोणी चकार शब्द काढला नाही. सासऱ्यांनी फक्त चहात साखर घेतली नाही. मला दुपारपर्यंत वाटत होतं की त्यांना मधुमेह निघाला.

गुरुवार, ७ मार्च

आजचं लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. (मी त्याला चष्मेवालाच म्हणते, तोही ओ देतो.) सासूबाई अलीकडे चहा कपाच्या बाजूला ओतायला लागल्या होत्या, ते त्याच्या लक्षात आलं. आज तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेल्यातच जमा आहे. आता डाव्यातही दाब वाढलाय आणि थेंबांनी भागत नाही. ऑपरेशन याच महिन्यात करायला हवं, सव्वीस तारीख मिळाली आहे. नाही केलं तर जे दिसतंय तेही जाईल, आणि एकदा गेलं की परत यायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "नको."

बस, एवढंच. त्यावर घरात काय झालं? काहीही झालं नाही! सासऱ्यांनी साखर कायमची सोडली आणि चष्मेवाल्याने चहा सोडला.

खोलीत आल्यावर मी त्याला धरलं. "तू आईंना काय बोललास?"

"काही नाही. चहा सोडला."

"ते त्यांना कळलं का?"

"बघतील हळूहळू."

"अरे, त्यांना दिसत नाहीये!"

तर म्हणे, आवाज खाली ठेव. मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि दोन मिनिटं नुसती रस्त्याकडे बघत राहिले.

रविवार, १० मार्च

आज एका शाळेची सहल आली होती. सासरे निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे समोर मुलं दिसली की त्यांना चेव येतो. ते सगळ्यांशी "तुम्ही" असंच बोलतात. त्या पिटुकल्यांशीही, सासूबाईंशीही, आणि मी ऐकलंय, मांजराशीसुद्धा.

शेवटी थोरल्यांच्या उपवासाची गोष्ट सांगितली. दिवाबंदी चालू असताना घरातलं बाळ तापाने फणफणलं होतं. (ते बाळ म्हणजे आमचे सासरेच.) आजेसासूबाई म्हणाल्या, पोराच्या उशाशी एक दिवा तरी राहू दे. थोरले एक अक्षर बोलले नाहीत, त्यांनी जेवण सोडलं. आणि काही दिवसांनी आजेसासूबाईंनी आपल्या हाताने दिवा विझवला. "त्यांचं हृदयपरिवर्तन झालं," असं म्हणून सासऱ्यांनी चष्मा पुसला. सहलीबरोबरच्या बाईंनी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी पातेल्यावर झाकण असं आपटलं की मी दचकले. हात सटकला असेल बिचाऱ्यांचा.

नंतर भांडी पुसताना मला म्हणाल्या, "काल दिवसभर तुझा आवाज आला नाही."

मी काल शिकवायला लांब गेले होते. पण टोमणा कळतो मला. माझा आवाज त्यांना खुपतोय, आणि या घरच्या रीतीने, उलटं करून, हळूच सांगितलं. मनाला लागलं. उद्यापासून घरात हळू बोलायचं.

मंगळवार, १२ मार्च

सासऱ्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. वय चौऱ्याहत्तर, अंगावर मांस म्हणाल तर छत्रीच्या काड्यांवर असतं तेवढं.

टेबलावर जे संभाषण झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

सासूबाई: "थोरले म्हणायचे, दबावाखाली दिलेला होकार हा होकार नव्हे."

सासरे: "अगदी खरं. मी तुमच्यावर दबाव आणत नाही. मी फक्त जेवत नाही."

सासूबाई: "तुमच्या न जेवण्याबद्दल मला आदर आहे."

सासरे: "आणि मला तुमच्या नकाराबद्दल."

चष्मेवाला: "सूप छान झालंय."

थोरल्यांचंही नवल वाटतं. ज्याला हवं त्याच्या बाजूने बोलतात! वकिली केली असती तर बंगले बांधले असते.

माझ्या आईला फोनवर सगळं सांगितलं. ती ओरडली, "मग धरून न्या ना तिला! हातपाय धरा आणि गाडीत घाला!" फोन कानापासून हातभर लांब होता तरी सगळ्या खोलीला ऐकू गेलं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी ओशाळून फोन ठेवला. त्या म्हणाल्या, "ठेवलास का? बोल की."

शुक्रवार, १५ मार्च

मीसुद्धा थोरल्यांचा मार्ग धरून बघितला. आधी अंडी सोडली होती, पण दुपारी गाडीत बसून दोन उकडलेली खाल्ली, म्हणजे ते धरायचं नाही. मग ठरवलं, माझी खरी आवडती गोष्ट सोडायची. दिवसभर बोलायचं नाही. सासूबाईंचं मन वितळेपर्यंत मौन.

सकाळच्या शिकाऊ उमेदवाराला, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला, कागदावर लिहून दाखवलं: आज मी बोलणार नाही. त्याला वाटलं, त्याची परीक्षा आहे. खूश झाला. पहिल्या वळणापर्यंत ठीक चाललं. मग समोर ट्रक आला. मी हात हलवला, त्याने तिकडे बघून मलाच हात हलवला. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, त्याने घाबरून क्लच सोडला, आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारत फुटपाथवर चढून पोस्टाच्या पेटीला टेकली. टेकली म्हणजे टेकलीच, पोचाही आला नाही. पेटीवर थोरल्यांचं चित्र होतं, ते मंद हसत होतं.

"मॅडम," तो रडवेला होऊन म्हणाला, "शिव्या द्या, पण बोला!"

घरी मात्र मी नेटाने गप्प राहिले. संध्याकाळी सूपचं भांडं घेऊन घरातल्या बोळातून येत होते, समोरून सासूबाई आल्या त्या थेट माझ्या अंगावर. भांडं उलटलं. "तू आहेस होय," एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली. त्या हात पुढे करून चाचपडत आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. रागावल्या बहुतेक. माझ्या मौनाने त्यांचं मन वितळलं नाही, फक्त चटई खराब झाली.

बुधवार, २० मार्च

आज कहर झाला. सासरे पुढच्या खोलीत धूळ पुसताना चक्कर येऊन बसले, आणि बसले कुठे, तर थोरल्यांच्या खुर्चीत! त्या खुर्चीला दोरी लावलेली आहे. त्यांनी स्वतःच लावली आहे. मंत्री आले होते तेव्हा त्यांनाही बसू दिलं नव्हतं.

मी पाणी घेऊन धावले. चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही खुर्चीत..." त्याला वडलांची काळजी होती की खुर्चीची, देव जाणे.

"मी उठतो," सासरे म्हणाले, पण त्यांना उठता येईना.

सासूबाई मागच्या दारापर्यंत आल्या. त्यांच्या ओठांची थरथर मला लांबून दिसली. वाटलं, आता बोलतील. पण त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या निग्रहाचं कौतुक वाटतं," आणि दाराची चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन. सव्वीस तारखेचं नक्की ना? चष्मेवाला म्हणाला, "आम्ही त्यांच्या मताचा मान राखतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन हिसकावला आणि "नक्की!" म्हणून ठेवून दिला. मान राखा हो, खुशाल राखा, पण बाई आंधळी होतेय त्याचं काय!

यावर कोणी मला बोललं नाही. नवऱ्याने रात्री उशी सोडली. नुसत्या गादीवर झोपला. घोरणं मात्र सोडलं नाही.

शनिवार, २३ मार्च



आज ठरवलं होतं, सासूबाईंना घराबाहेर काढायचं आणि जे काय बोलायचं ते मोकळ्या आवाजात बोलायचं. "आई, चला, फिरून येऊ," म्हटलं. त्या लगेच तयार झाल्या. स्कूलच्या गाडीत बसवलं आणि गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर नेलं. शनिवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं.

गाडी थांबवली. घसा साफ केला. पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी स्टिअरिंग धरू का गं एकदा? पुढे काय दिसेल, काय नाही."

जागा बदलल्या. मैदान रिकामं, पहिला गिअर, माझ्या बाजूला क्लच आणि ब्रेक दोन्ही आहेत. स्वतःशी म्हटलं, मालकांना कळलं तर नोकरी गेली. गाडी मुंगीच्या पावलाने सरकली.

आणि सासूबाई किंचाळल्या.

मी असा आवाज माझ्या माहेरीसुद्धा ऐकलेला नाही. "अगं बाई गं! भीती वाटते! मला भीती वाटते!"

मी ब्रेक दाबला. "थांबली, आई! गाडी थांबली!"

"भीती वाटते गं मला!"

"अहो, थांबली गाडी!"

"गाडीची नाही!" त्या माझ्यावर ओरडल्या. "डोळ्यात सुई घालणार आहेत! जागी ठेवून! मी जागी असणार आणि ते डोळा कापणार!"

मग मीही ओरडले, "मग असं सांगायचं ना! तुम्ही थोरल्यांची वाक्यं काय फेकताय?"

"कुणाला सांगू? या घरात कोणी घाबरत नाही!" त्या स्टिअरिंगवर मुठी आपटत होत्या, मध्येच हॉर्न वाजत होता. "थोरले तुरुंगात घाबरले नाहीत, तुझे सासरे उपाशी राहायला घाबरत नाहीत, सगळे निर्भय! मी एकटीच भित्री निघाले. भीती वाटते म्हणून नको म्हणायला लाज वाटते. मग मत म्हणून नको म्हटलं. मताला मान देतात ना आपल्याकडे!"

मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई सांगायच्या मला. हृदयपरिवर्तन कसलं आलंय. एकीकडे पोर तापाने फणफणतंय, दुसरीकडे नवरा उपाशी मरतोय, घाबरून विझवला दिवा. आणि जन्मभर टाळ्या ऐकत बसल्या."

मला रडू आलं. मी चौदा वर्षं घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसते आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात घामेजलेले असतात, पैलवानाचेसुद्धा. मी त्यांना कधी घाबरू नका म्हणत नाही. म्हणते, घाबरा, पण मी शेजारी आहे, आणि माझ्या पायाखाली ब्रेक आहे. हेच सासूबाईंना म्हणाले. डोळ्याच्या बाबतीत माझ्या पायाखाली काही नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी त्यांनी माझा हात धरला.

"दारापर्यंत येशील?" त्यांनी विचारलं.

"आत सोडलं तर टेबलापर्यंत येते."

येताना म्हणाल्या, "आणि घरात अशी चोरासारखी वावरू नकोस. बोलत जा. कुठे आहेस ते कळू दे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. मनाने मोठ्या आहेत.

सोमवार, २५ मार्च

सासूबाईंनी होकार दिला, पण कारण सांगितलं नाही. त्यामुळे सासरे काल दिवसभर उपवास कसा सफल झाला या आनंदात. दुधाचा पेला हातात घेऊन चष्मेवाल्याला म्हणत होते, "शेवटी हृदयपरिवर्तन होतंच." मला राहवेना. आज त्यांना पुढच्या खोलीत गाठलं आणि दार लावलं.

"बाबा, त्यांचं हृदय आहे तिथेच आहे. त्यांना भीती वाटत होती. अजून वाटतेय. तुमच्या उपवासाने ती दुप्पट झाली, कारण तुमची भर पडली."

सासऱ्यांनी थोरल्यांचा मग उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "त्यांना भीती?" मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला वाटलं, फक्त मलाच वाटतेय."

"मला काय सांगताय? त्यांना सांगा!"

"कसं सांगतात?" खरंच विचारत होते. हेडमास्तर माणूस, चार पुस्तकं लिहिलीत.

"तोंडाने. जरा मोठ्याने."

ते उठले, सदरा नीट केला, सासूबाईंच्या दारापर्यंत गेले. तिथे खाकरले. पुन्हा खाकरले. आणि परत आले. "त्या विश्रांती घेत आहेत," म्हणाले. आतून सासूबाईंचा कपाट आवरण्याचा आवाज येत होता.

मंगळवार, २६ मार्च

हॉस्पिटलच्या बोळातल्या बाकावर लिहितेय. सासूबाई आत आहेत.

मला टेबलापर्यंत सोडलं नाही, दारापर्यंतच. सासूबाईंना हिरवा झगा आणि टोपी घातली होती, चाकाच्या खुर्चीत एवढ्याशा दिसत होत्या. त्यांचा हात बर्फासारखा गार. सासरे बाजूला ताठ उभे, हात मागे बांधलेले, जणू झेंडावंदनाला आलेत.

"येते," सासूबाई म्हणाल्या.

"या," सासरे म्हणाले. "तुम्हाला शुभेच्छा."

शुभेच्छा! मी कपाळाला हात लावला. नर्सने खुर्ची ढकलली, दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या आणि मिटल्या. संपलं, असं वाटलं.

आणि मग तो आवाज. आधी मला कळेचना, कोण ओरडतंय.

"अगं ए! अगं, मला भीती वाटतेय! खूप भीती वाटतेय! लवकर ये गं!"

सासरे! मुठी आवळलेल्या, मान पुढे, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. अख्खा बोळ वळून बघायला लागला. एक पेशंट जागेवरून उठून उभा राहिला. नर्स धावत बाहेर आली. "आजोबा! हे हॉस्पिटल आहे! ओरडताय काय?"

"माहीत आहे मला कुठे आहे ते!" सासरे तिच्यावरही ओरडले. "म्हणून तर ओरडतोय!"

दारापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत. "आले, आले! एवढं झालं की आलेच! तुम्ही आधी काहीतरी खाऊन घ्या!" आणि त्या हसत होत्या. मी शपथेवर सांगते, हसत हसत आत गेल्या.

चष्मेवाला भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. मी माझा रुमाल त्याच्या हातात कोंबला.

आता सासरे माझ्या शेजारी बसलेत. पाव खातायत, जॅम लावून. इतक्या घाईने की जॅम माझ्या वहीच्या पानावर सांडलाय.

डॉक्टर आत्ता येऊन गेल्या. गेलं ते परत येणार नाही. आहे ते वाचलं, असं म्हणायला हरकत नाही, म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. त्यांना आवडलं नसावं.

रविवार, ३१ मार्च

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. अजून धूसर दिसतं, पण सकाळी सासूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा असला भडक रंग घालतेस तू?" मी म्हटलं, "हो, दिसतो ना?" म्हणाल्या, "दिसतो म्हणून तर विचारतेय." तिथेच आम्ही दोघी जरा रडलो.

पण घराचं काय झालंय ते कुणाला सांगू! एकदा ओरडायला शिकलेली माणसं थांबायला तयार नाहीत. थेंब घातले की नाही, यावरून सकाळी सासू-सासऱ्यांची जुंपली. "मी घातलेत!" "कधी? स्वप्नात?" "अगं, तुझ्या डोळ्यातच घातलेत, तुला कळत नाही?" "तो गालावर पडला होता!" पुढच्या खोलीत पाहुणे थोरल्यांच्या घोंगडीसमोर मान खाली घालून उभे होते. त्यांतल्या एका बाईने मला हळूच विचारलं, "मागे कोण राहतं?" मी म्हटलं, भाडेकरू.

संध्याकाळी चष्मेवालाही त्यात उतरला. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून तिघांची सभा. आवाज रस्त्यापर्यंत. माझं दुपारभर तीन शिकाऊ उमेदवारांवर ओरडून डोकं ठणकत होतं. दोनदा गप्प बसा म्हणाले, कोणी ऐकेना. शेवटी मी टेबलावरून उठले.

"तुम्ही आवाज कमी करत नाही, तोवर मी जेवणार नाही," म्हटलं.

खोली चिडीचूप झाली. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, जमलं! थोरल्यांचा विजय असो!

"नको जेवूस," सासूबाई म्हणाल्या. "बटाटे थोडेच आहेत." आणि त्यांनी माझा वाटा सासऱ्यांच्या ताटात वाढला, बरोबर ताटाच्या मध्ये, रश्शाचा एक थेंबही बाहेर न सांडता.

मग पुन्हा खिडकीचं सुरू झालं.

दहा मिनिटं मी खोलीत बसले. मग भूक लागली, म्हणून बाहेर गेले आणि माझे बटाटे परत द्या म्हणून सगळ्यांवर ओरडले.